मदत हवी आहे: शिकारी कुत्र्याची जुनी मूर्ती, ब्राँझ की जस्त? शेपटीला तडा

गोदाकाठ (नांदेड): राम राम मंडळी. पॉइंटर कुत्र्याची मूर्ती आहे. पुढचा एक पाय दुमडून वर उचललेला, शेपटी काठीसारखी ताठ. लांबी २६ सेंमी, वजन २,६४० ग्रॅम. रंग गडद तपकिरी, पण कानांच्या टोकांवर आणि पाठीच्या कण्यावर राखाडी दिसतंय. बैठकीवर रोमन अक्षरांत 'पी. जे. मेन'. चुंबक चिकटत नाही. शेपटी बुडाशी तडकली आहे. वेल्डिंगवाला पितळी काडीनं ब्रेझिंग करून देतो म्हणतो. आधी चिंच किंवा पितांबरी लावून घासून घ्यावी का?

ओतारी: दोन्ही थांबवा. घासलेल्या जागी राखाडी निघतंय म्हणजे ती जस्ताची, स्पेल्टरची असण्याचा संभव जास्त. वर तांब्याचा पातळ मुलामा आणि तपकिरी रंग असतो, चिंचेनं तो उतरतो आणि परत येत नाही. जस्त ४१९ अंशांना वितळतं, ब्रेझिंगला ८०० च्या वर लागतात. शेपटी जोडायच्या आधीच तिचा गोळा होईल.

खात्री अशी करा. बैठकीच्या खालून, आतल्या कडेला सुईनं बारीक ओरखडा काढा. पिवळसर-तांबूस चमकलं तर ब्राँझ, चांदीसारखं राखाडी तर जस्त. मग दोऱ्यानं काट्याला टांगून मूर्ती पूर्ण पाण्यात बुडवा आणि वजन घ्या. जेवढे ग्रॅम कमी भरले, त्यानं मूळ वजनाला भागा. ब्राँझ ८.७ च्या आसपास येतं, जस्त ७.१. बिडाचं लोखंडही ७.२ भरतं, पण त्याला चुंबक चिकटला असता. मूर्ती पोकळ असते, म्हणून तिरकी करून आतले बुडबुडे सगळे काढा, नाहीतर आकडा खोटा येतो. आत प्लास्टर भरलेलं असेल तर पाण्यात घालूच नका.

गोदाकाठ: ओरखडा राखाडी. पाण्यात २,२७० भरलं. मग सहीचं काय?

ओतारी: ३७० चा फरक, म्हणजे ७.१४. जस्तच. आपल्याकडच्या बिदरी भांड्यांतही (काळ्या धातूवर चांदीचं जडावकाम) मुख्य धातू जस्तच, तेव्हा हलकं समजू नका. काम नीट असेल तर जपण्यासारखंच आहे.

जुनाबाजार (संभाजीनगर): सहीवर जाऊ नका. पिएर-ज्यूल मेन हा प्राण्यांच्या मूर्ती करणारा फ्रेंच शिल्पकार १८७९ मध्ये वारला, त्याच्या कुत्र्यांच्या नकला त्यानंतरही भरपूर निघाल्या. साच्यात सही आपोआप उतरते. तयार ब्राँझवरून साचा घेतला की धातू थंड होताना आकसतो, म्हणून नक्कल मुळापेक्षा किंचित लहान भरते, बरगड्या आणि पंजे बोथट दिसतात. पंजाच्या बोटांमधली खाच भिंगातून बघा. चांगल्या कामात प्रत्येक बोट सुटं असतं.

शेपटीला दोन भागांचं इपॉक्सी लावा, आत फायबरची बारीक काडी. लोखंडी खिळा नको, ओल लागली की जस्त त्याच्याभोवती खाऊन जातं. चोवीस तास आधार देऊन ठेवा. राखाडी जागांवर मेण मिसळलेला तपकिरी रंग पुरे, ऑइलपेंट नको.

आणि पाण्यातून काढली त्या दिवशीच कापडानं पुसून पंख्याखाली वाळवा, पोकळीत सुद्धा. ओल राहिली तर पावसाळ्यात पांढरी भुकटी धरते, आणि ती आतूनच सुरू होते.