रोडग्यांवरचा एक लेख आणि भट्टीपाशी उभा असलेला मी (अनुभव धागा)

आचारी, वऱ्हाड
परवा एका जुन्या दिवाळी अंकात रोडग्यांवरचा, म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांवरचा, लेख हाती लागला आणि वडिलांसोबत मारुतीच्या पारापाशी रांधलेला पहिला महाप्रसाद आठवला. कृतींचे लेखन मला फारसे कधी लागले नाही, कारण प्रमाण हातात बसलेले असते. या लेखिकेने मात्र गोवऱ्यांचा जाळ ओसरून निखाऱ्यांचा आर पडेपर्यंतचे थांबणे, रोडगा फडक्यात धरून राख झटकणे, तो फोडताच पदरांतून निघणारी वाफ आणि त्यावर सोडलेले तूप असे लिहिले होते, की गोवरीचा वास नाकात आला. वांग्याची भाजी आधी वाढली, तर रोडगा फुटेपर्यंत ती निवते, हेही तिने नोंदवले होते. पंगत उठेपर्यंत आचारी भट्टीपाशीच असतो. जेवणाऱ्याच्या जिभेवर काय घडले, ते त्याला असे लेखनच सांगते. आपणही असे काही वाचले असल्यास अवश्य लिहावे.

शेतकरीण
दादा, कमलाबाई ओगले यांचे 1970 सालचे ‘रुचिरा’ वाटी-चमच्याच्या मापामुळे मला नवी सून असताना फार आधाराचे वाटले. परंतु गोळाभातावर (बेसनाचे गोळे घातलेल्या भातावर) फोडणीचे तेल किती घालावे, हे सासूबाईंच्या वहीतील एका ओळीने शिकवले: ‘भात चमकावा, बोट ओशट होऊ नये.’ तुरीचे सोले काढायचे आहेत, उरलेले रात्री लिहिते.

धानपट्ट्यातला
आमच्या भंडाऱ्याकडे उभ्या धानातच लाखोळी, म्हणजे लाखेच्या डाळीचे बी, फेकतात. टंचाईत महिनोन्महिने केवळ ती डाळच खाल्ल्याने पाय लुळे पडत, म्हणून 1961 मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. गरम पाण्यात डाळ भिजवून ते पाणी फेकण्याची आजीची रीत डाळीतला अपायकारक अंश कमी करण्यासाठी होती, हे मला एका लेखातून कळले. चांगले खाण्यावर लिहिणाऱ्याने गरिबाच्या ताटाविषयीही इतक्याच आस्थेने लिहावे, असे मला मनापासून वाटते.

माहेरवाशीण
काकू, त्या वहीचे फोटो आजच काढून ठेवा. आमच्या आजीची वही वाळवीने खाल्ली आणि आमरसासोबतच्या सरगुंड्यांचे (काडीवर वळलेल्या कणकेच्या नळ्यांचे) पान तिच्यासोबत गेले.

आचारी, वऱ्हाड
भाऊ, लाखोळीचे आपण योग्य लिहिले. ताई, सरगुंड्यांची कृती मी आईला विचारून येथे लिहितो. येत्या हनुमान जयंतीला वांग्याची भाजी रोडगे फुटल्यावरच पानात पडेल, असे वाढप्यांना आजच सांगून ठेवले आहे.