थर्मल कॅमेऱ्यातील मूळ फायली कशा जपाव्यात?

पॅनेल_देखभाल यांचा प्रश्न

नमस्कार. मी चाकण परिसरातील एका कारखान्यात विद्युत देखभालीचे काम पाहतो. दर सहा महिन्यांनी आम्ही मुख्य पॅनेल आणि फीडर (पॅनेलमधून पुढे वीज नेणाऱ्या वाहिन्या) यांची थर्मोग्राफी, म्हणजे उष्णताचित्रे घेऊन तपासणी, करतो. आमच्या कॅमेऱ्याचा संवेदक १६० × १२० बिंदूंचा असून चित्रे मेमरी कार्डवर जेपीईजी स्वरूपात साठतात. मागच्या आठवड्यात ४६ चित्रे घेतली. सहकाऱ्याने ती व्हॉट्सॲपवरून मला पाठवली आणि कार्ड रिकामे करून कॅमेऱ्याच्या पेटीत ठेवले.

आता अहवाल लिहिताना अडचण लक्षात आली. एका फीडरच्या वाय फेजच्या (आर, वाय, बी या तीन फेजपैकी एक) जोडावर मापनबिंदू उघड्या तांब्यावर पडला आहे आणि तिथे ४८ अंश सेल्सिअस दिसते. शेजारच्या लगवरची (केबलच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या तुकड्यावरची) काळी स्लीव्ह, म्हणजे आवरण, मात्र चित्रात कितीतरी उजळ आहे. मला त्या स्लीव्हचे तापमान हवे आहे, परंतु कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र उघडल्यावर त्यात तापमानाची माहितीच नाही, असा संदेश येतो. डोळ्यांना चित्र तेच दिसते. मग माहिती गेली कुठे? ती परत मिळू शकेल का? आणि यापुढे फायली ठेवण्याची योग्य पद्धत कोणती?

उष्मालेख यांचे उत्तर

सर्वांत आधी एक विनंती. ते कार्ड कॅमेऱ्यात घालू नका आणि त्यावर एकही नवे चित्र घेऊ नका. फाइल पुसली म्हणजे बहुतेक वेळा तिची फक्त नोंद जाते. मजकूर त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत शिल्लक असतो. कार्ड रीडरने संगणकाला जोडून फोटोरेक हे मोफत सॉफ्टवेअर चालवा आणि सापडलेल्या फायली त्याच कार्डवर न ठेवता संगणकावर उतरवा. मूळ नावे परत मिळणार नाहीत, परंतु चित्र घेतल्याची तारीख आणि वेळ फायलीच्या आतच नोंदलेली असते, त्यामुळे क्रम लावता येईल.

तपासनीस_नाशिक यांचे उत्तर

माहिती कुठे गेली, ते सांगतो. आपल्या कॅमेऱ्याच्या एका चित्रात १९,२०० बिंदू आहेत आणि प्रत्येक बिंदूचे स्वतंत्र मापन फायलीत साठवलेले असते. जेपीईजी वापरणाऱ्या कॅमेऱ्यांत रंगीत चित्र हा वरचा थर असतो. मूळ मापने, उत्सर्जकता (पृष्ठभाग किती प्रमाणात उष्णता-किरण सोडतो तो आकडा), परावर्तित तापमान (पृष्ठभागावर परावर्तित होणाऱ्या आसपासच्या वस्तूंचे), अंतर हे सारे त्याच फायलीच्या माहिती-विभागात असते. व्हॉट्सॲप छायाचित्र पाठवताना ते नव्याने दाबून लहान करते आणि हा विभाग टाकून देते. उरतो तो फक्त रंग. रंगपट्टीशी ताडून अंदाज बांधता येतो, पण असा आकडा अहवालात लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फ्लूकच्या आयएस-टू किंवा टेस्टोच्या बीएमटी फायली साध्या फोटो-दर्शकात उघडतच नाहीत, म्हणून तिथे ही चूक सहसा होत नाही. जेपीईजी मात्र छायाचित्रासारखी दिसते आणि आपण तिला छायाचित्रासारखेच वागवतो.

आपल्या प्रकरणात मूळ फाइल मिळवणे फार आवश्यक आहे. चकचकीत तांब्याची उत्सर्जकता ०.१ च्याही खाली असू शकते आणि कॅमेरा ०.९५ वर असेल, तर गरम जोडही थंड भासतो. ते ४८ अंश जोडाचे तापमान म्हणून धरू नका. मूळ फायलीत मापनबिंदू काळ्या स्लीव्हवर सरकवला, तर विश्वासार्ह आकडा मिळेल.

उष्मालेख यांचे उत्तर

पुढच्या व्यवस्थेबद्दल थोडे. कार्डवरून फायली हलवू नयेत, त्यांची प्रत करावी. प्रतींची संख्या जुळली आणि दोन-तीन फायली सॉफ्टवेअरमध्ये उघडून कर्सरखाली तापमान बदलताना दिसले, तरच कार्ड कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट करावे. फोल्डरला वर्ष आधी येईल असे नाव द्यावे, उदाहरणार्थ २०२५-०६-१२ आणि पुढे पॅनेलचे नाव, म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते. मूळ फायली एका फोल्डरमध्ये केवळ वाचण्यासाठी ठेवाव्यात आणि काम प्रतीवर करावे. साध्या फोटो-संपादकात चित्र कापून किंवा फिरवून जतन केले, तरीही मापने नष्ट होऊ शकतात. मोबाइलवरून पाठवणे भागच असेल, तर मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी.

तपासनीस_नाशिक यांचे उत्तर

यात एक भर घालतो. फायलींची मूळ नावे बदलू नयेत. काही कॅमेरे उष्णताचित्र आणि साधे छायाचित्र लागोपाठच्या क्रमांकांनी ठेवतात आणि नाव बदलले की ही जोडी तुटते. त्याऐवजी वहीत किंवा एक्सेलमध्ये क्रमांकासमोर फीडर, फेज आणि त्या क्षणीचा विद्युतप्रवाह लिहावा. प्रवाहाची नोंद नसेल, तर सहा महिन्यांपूर्वीच्या चित्राशी तुलना करून काहीच सिद्ध होत नाही, कारण भार वाढला की जोड तापतोच. कॅमेऱ्याचे घड्याळही काम सुरू करण्यापूर्वी पाहावे. उत्सर्जकता, रंगसंगती, तापमानाची दाखवायची मर्यादा हे नंतर दुरुस्त करता येते. फोकस चुकला किंवा निवडलेल्या मापन-टप्प्याबाहेर (कॅमेऱ्यावर मोजण्यासाठी ठरवलेल्या तापमान-मर्यादेबाहेर) तापमान गेले, तर फाइल कितीही जपली तरी उपयोग नाही. म्हणून पॅनेलचे दार लावण्यापूर्वी प्रत्येक चित्र पडद्यावर मोठे करून पाहावे.

पॅनेल_देखभाल

दोघांचेही मनःपूर्वक आभार. कार्ड पेटीतच होते. फोटोरेकने ४६ पैकी ४१ चित्रे परत मिळाली आणि सुदैवाने वाय फेजचे चित्र त्यांत आहे. स्लीव्हवर मापनबिंदू ठेवल्यावर ७९ अंश आले. त्याच चित्रात आर आणि बी फेजच्या स्लीव्ह ५१ आणि ५२ अंशांवर आहेत. त्या वेळच्या प्रवाहाची नोंद पाळीच्या वहीत सापडली, तिन्ही फेजवर भार जवळपास सारखा होता. रविवारी फीडर बंद ठेवून जोड उघडण्याची परवानगी मागितली आहे. राहिलेली पाच चित्रे त्याच भारावर पुन्हा घेणार आहे.