मदत हवी आहे: एमएचएचं कर्ज पगाराला झेपेल का?

अमेरिकेत हेल्थ ॲडमिनिस्ट्रेशनच्या मास्टर्ससाठी (एमएचए) दोन कॉलेजांची तुलना चालू आहे. विद्यार्थिनी अमेरिकन नागरिक, म्हणजे फेडरल कर्ज मिळेल. पण १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस (पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचं जादा फेडरल कर्ज) बंद, आणि साध्या फेडरल कर्जाची मर्यादा वर्षाला २०,५०० डॉलर. वरची रक्कम खाजगी कर्जातून.

६०,००० डॉलर, ८ टक्के, १० वर्षं धरली तर हप्ता सुमारे ७२८ डॉलर बसतो. शिकत असतानाच व्याज चढतं, ते वेगळं.

अडचण पगाराच्या आकड्याची आहे. आरोग्यसेवा मॅनेजरांचा मे २०२४ चा सरकारी आकडेवारीतला मध्यम पगार १,१७,९६० डॉलर दिसतो, पण त्यात वीस वर्षं मुरलेले मॅनेजरही आले. कॉलेज स्कोअरकार्ड या सरकारी वेबसाइटवर कोर्सनिहाय कमाई मिळते. तिथेही आधीपासून नोकरीत असलेल्या नर्सेस ऑनलाइन कोर्सला असल्या की आकडा फुगतो. शिवाय तिथल्या कर्जाच्या आकड्यात खाजगी कर्ज धरलेलं नसतं. मग नवख्या पदवीधराचा पगार कशावरून धरायचा? कॉलेजकडे प्लेसमेंटचे आकडे मागताना पूर्वानुभव नसलेल्यांचे वेगळे देतात का?

दुसरं, पीएसएलएफ, म्हणजे सार्वजनिक सेवेत नोकरी करणाऱ्यांना मिळणारी फेडरल कर्जमाफी. ना-नफा हॉस्पिटलमध्ये १२० पात्र हप्ते, तेही उत्पन्नावर आधारित योजनेत, कारण १० वर्षांच्या ठरावीक हप्त्यात माफ व्हायला काही उरतच नाही. खाजगी कर्जाला ही माफी नाही. हॉस्पिटल ना-नफा, पण पगार खाजगी मॅनेजमेंट कंपनीकडून, असं या क्षेत्रात कितपत होतं? माफीसाठी मालक कोण हे डब्ल्यू-२ वरच्या (पगाराच्या वार्षिक कर-फॉर्मवरच्या) ईआयएनवरून, म्हणजे मालकाच्या कर-क्रमांकावरून बघतात. ऑफर घेण्याआधी तो कोणाचा येणार, हे एचआर सांगतं का?