एकही बीज फलित झालं नाही, 'कॅल्शियम वापरू' म्हणतात. मदत हवी आहे (सोलापूर)

होटगीरोड: लवकर उत्तर हवंय. टेस्ट ट्यूब बेबीसाठी माझी ९ स्त्रीबीजं मिळाली होती. दुसऱ्या दिवशी फोन आला, एकही फलित नाही. पुढच्या वेळी कॅल्शियम वापरून बघू, एवढं बोलून डॉक्टरांनी पुढचा पेशंट बोलावला. बीजाला कॅल्शियम कशाला? माझं रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आहे. गुरुवारी परत जायचंय आणि पुन्हा पैसे भरायचेत.

गोदाकाठ: साधं आयव्हीएफ (बीज आणि शुक्राणू नुसते एकत्र ठेवणं) की इक्सी (सुईने शुक्राणू बीजात सोडणं)? ९ पैकी परिपक्व किती? मिस्टरांचा रिपोर्ट काय म्हणतो?

माईआजी: बाळ, नाचणीची खीर आणि दूध रोज घे. शेंगाचटणीत तीळ घालत जा. माझ्या भाचीला याच्यानेच दिवस गेले.

प्रयोगवही: माई, खाण्यातल्या कॅल्शियमचा इथे संबंध नाही. (मी प्राणिशास्त्र शिकवते.) हे बीजाच्या आत साठवलेलं कॅल्शियम. बीज अंडाशयातून बाहेर पडतं तेव्हा त्याचं दुसरं विभाजन अर्ध्यावर अडलेलं असतं. शुक्राणू आत शिरताना पीएलसी झीटा नावाचं प्रथिन घेऊन येतो. त्यामुळे बीजात आयपी-३ नावाचा निरोप्या रेणू तयार होतो, आयपी-३ने कॅल्शियमच्या कोठारांची दारं उघडतात. कॅल्शियम बाहेर येतं, परत आत ओढलं जातं, परत बाहेर येतं. अशा लाटा काही तास चालतात. उंदराच्या बीजात साधारण दहा-वीस मिनिटांनी एक. त्यांच्यामुळे विभाजन अडवून धरणारं एमी-२ हे प्रथिन नष्ट होतं, विभाजन पुरं होतं आणि बीजाचं कवच दुसऱ्या शुक्राणूला बंद होतं. इक्सीत सुईने शुक्राणू आत सोडला, पण त्याच्याकडे पीएलसी झीटाच नसेल, तर बीज तसंच अडून राहतं. हे प्रथिन २००२ मध्ये कार्डिफच्या संशोधकांनी दाखवून दिलं.

सातरस्ता: ताई, एवढं वाचत बसू नका. सेंटर बदला, पुण्याला जा. सकाळी हुतात्मा एक्सप्रेसने जायचं, रात्री घरी. माझ्या भावाचं इथं दोनदा फसलं, तिथं पहिल्या खेपेला झालं.

गोदाकाठ: शुक्राणूतच दोष असेल तर गाव बदलून काय होणार? भावाचं कारण काय निघालं होतं?

सातरस्ता: ते विचारलं नाही. झालं ना, बास.

चादरवाला: आता वंदे भारतपण आहे. पुण्यात उतरून दवाखाना किती लांब पडतो?

होटगीरोड: गाडीचं नंतर बघू हो. इक्सीच होती, ७ परिपक्व होती. मिस्टरांचा काउंट चांगला आहे, चार कोटी, म्हणून लिहिलं नव्हतं.

प्रयोगवही: काउंट बाजूला ठेवा. मॉर्फॉलॉजीसमोर (म्हणजे शुक्राणूंचा आकार) काय लिहिलंय ते जसंच्या तसं सांगा.

होटगीरोड: 'सर्व शुक्राणू गोल डोक्याचे, अ‍ॅक्रोसोम नाही.' हे आम्हाला कुणी समजावलंच नाही.

प्रयोगवही: मग उत्तर बहुतेक इथेच आहे. अ‍ॅक्रोसोम म्हणजे शुक्राणूच्या डोक्यावरची टोपी. ती नसून डोकं गोल असेल तर याला ग्लोबोझूस्पर्मिया म्हणतात. अशा शुक्राणूंत पीएलसी झीटा नसतं किंवा फारच कमी असतं. डॉक्टर म्हणतात ते कॅल्शियम म्हणजे आयनोफोर, बीजात कॅल्शियम वाढवणारं रसायन, असणार. इक्सीनंतर बीजं थोडा वेळ त्या द्रावात ठेवतात, बीजात कॅल्शियमची एकच मोठी उसळी येते. लाटांची माळ नाही, पण अशा जोडप्यांना त्यातून मुलं झालेली आहेत.

बीएस्सी२: मॅडम, उंदरात स्ट्रॉन्शियमने लाटा येतात ना? मग तेच का नाही वापरत?

प्रयोगवही: उंदरात येतात. माणसाच्या बीजात तसा भरवसा नाही.

गोदाकाठ: आयनोफोर सरसकट सगळ्यांना देण्याच्या मी विरोधात आहे, पण या रिपोर्टवर मलाही पटतं. डीपीवाय१९एल२ या जनुकाची (यातल्या दोषाने शुक्राणूंचं डोकं असं गोल होऊ शकतं) तपासणी करायची का, तेही विचारा.

होटगीरोड: म्हणजे माझी बीजं वाईट नाहीत? फोन आल्यापासून मी तेच धरून बसलेय. घरातही सगळे माझ्याकडेच बघतात.

प्रयोगवही: तुमची बीजं वाईट आहेत असं या निकालावरून म्हणताच येत नाही. गुरुवारी विचारा: आयनोफोर कोणतं, किती मिनिटं, याआधी गोल डोक्याच्या शुक्राणूंसाठी वापरलंय का. उत्तरं लिहून घ्या.

माईआजी: मिस्टरांना सोबत ने बाळ, एकटी जाऊ नको. आणि आल्यावर इथं लिही.