फोनच्या कव्हरवरचं ऑर्किड: हातभार कसला?

रानजाई: काल एकीनं लिहिलं, ‘फोनला रॉथशिल्डियानम या पॅफिओपेडिलम जातकुळीतल्या ऑर्किडचं जुनं वनस्पतिचित्र असलेलं कव्हर घेतलं. नामशेष होणाऱ्या ऑर्किडला माझा हातभार.’ खाली बदामांची रांग. हातभार कसला? चित्र इतकं जुनं की त्यावर कुणाचाच हक्क उरलेला नाही. पैसे गेले छापणाऱ्याला, ते जिथं उगवतं त्या बोर्नियोतल्या किनाबालू डोंगराच्या उतारांवर त्यातलं काही पोचत नाही. आणि ते प्लॅस्टिक उन्हानं पिवळं पडणार. आवडलं म्हणून घेतलं, एवढंच म्हणा ना.

दवबिंदू: ते लिहिणारी मीच. माझ्या मुलीनं कव्हर बघून विचारलं, हे फूल कुठे बघायला मिळेल? शोधलं तेव्हा कळलं, बोर्नियोतल्या त्या एका डोंगराच्या परिसराबाहेर ते रानात नाही. साइटीस, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार, आणि सर्वाधिक धोक्यातल्या जातींचं त्याचं पहिलं परिशिष्टही मला तेव्हाच कळलं. तुमच्या लेखी हे काहीच नाही?

निवडुंग: ताई, मला या ओढीचीच भीती वाटते. याच जातकुळीतल्या व्हिएतनामेन्सेचं वर्णन १९९९ मध्ये छापून आलं आणि काही वर्षांतच संग्राहकांपायी रानातली झाडं जवळपास संपली. मी स्वतः फोटोवर भाळून एक पॅफिओ (पॅफिओपेडिलम) मागवलं होतं. ‘नर्सरीतलं’ म्हणून आलं. मुळांत जंगलातलं शेवाळ, पानं कुरतडलेली, मुळं अर्धी तुटलेली. तीन महिन्यांत गेलं. ते कुठून उपटलं असेल, हे आजही मनातून जात नाही.

पानफुटी: मुळात चित्रच चूक आहे! रॉथशिल्डियानमच्या बाजूच्या पाकळ्या आडव्या, ताठ असतात, फूल ३० सेंमीपर्यंत रुंद. कव्हर उभं आणि अरुंद, म्हणून खाली वळवल्यात.

रानजाई: लोंबत्या पाकळ्या म्हणजे त्याचंच भावंड सँडेरियानम. तेच असेल.

पानफुटी: अजिबात नाही. बोर्नियोतल्याच मुलूचं सँडेरियानम मी रंगवलंय, त्याच्या पाकळ्या पिळदार, ९० सेंमीपर्यंत लांब जातात. न बघता ठोकून देऊ नका.

रानजाई: मग वनस्पतिचित्र कशाला म्हणायचं?

पानफुटी: म्हणूच नये! मधल्या वंध्य पुंकेसरावरची लवसुद्धा पुसून टाकलीय. तिला मावा ही कीड, म्हणजे अळ्यांचं खाद्य, समजून फुलमाशी अंडी घालायला येते आणि परागण होतं. झाडाचं जगणं ज्यावर चालतं, तेच गाळलं.

निवडुंग: पाकळ्यांवरून भांडताय, आणि रानातल्या चोरीवर कुणीच बोलत नाही. रॉथशिल्डियानम न्यू गिनीचं म्हणून सांगून खरी जागा दडवली होती. १९५९ मध्ये किनाबालूवर पुन्हा सापडलं. मधल्या काळात तरी ते संग्राहकांपासून वाचलं.

रानजाई: दडवणारे व्यापारीच होते, धंद्यासाठी. त्यांना श्रेय देऊ नका. मुलीचा प्रश्न मात्र खरा, तेवढं मान्य. ‘हातभार’ अजूनही मान्य नाही.

दवबिंदू: कव्हर भिंगाखाली धरून पाहिलं. लव नाही. ‘हातभार’ हा शब्द पोस्टमधून काढते. कव्हर नाही काढणार. मुलीनं आता स्वतः चित्र काढायला घेतलंय, पाकळ्या आडव्या, दोन कागद जोडून.