मदत हवी आहे : ड्रेसाजसाठी कोट आणि लगाम कोणत्या रंगाचा घ्यावा?

नमस्कार. माझी मुलगी छत्रपती संभाजीनगरात घोडेस्वारी शिकते आणि या हिवाळ्यात प्रथमच ड्रेसाजच्या (घोड्याकडून ठरावीक हालचाली नेमकेपणाने करवून घेण्याच्या) स्पर्धेत उतरणार आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत 2021 पासून उंच टोपीऐवजी हेल्मेट सक्तीचे झाले, आणि काळ्या कोटांच्या जोडीला गडद निळे आणि मरून कोटही दिसतात. तिचा हट्ट मरूनचा आहे. पण माळेगावच्या जत्रेतून आणलेल्या आमच्या तांबूस घोडीवर तो उठून दिसेल, की विरून जाईल?

शिवाय आमचे खोगीर तपकिरी, लगाम मात्र काळा, आणि तोही बकलापाशी उन्हाने भुरकटलेला. गुण हालचालींना मिळतात हे मान्य, तरी असे बेजोड सामान घेऊन रिंगणात उतरणे मला प्रशस्त वाटत नाही. खोगीर काळे रंगवून घ्यावे, की नवा तपकिरी लगाम घ्यावा? अनुभवी स्वारांनी कृपया सांगावे.