मदत हवी आहे : फ्रान्स-जर्मनीत नाटकवाल्यांचा महिना कसा भागतो?

मंडळी, आमच्या हौशी नाट्यसंस्थेच्या बैठकीत मला 'परदेशात सरकार कलावंतांना कसं पोसतं' यावर बोलायचंय. ('पोसतं' हा शब्द अध्यक्षांचा, माझा नाही.) मी प्रकाशयोजना करतो. तालमींचा मोबदला आजवर चहा-वड्यापलीकडे गेलेला नाही, त्यामुळे फ्रान्सचा नियम वाचून सरळ उठूनच बसलो : १२ महिन्यांत ५०७ तास पगारी काम भरलं, की मधल्या रिकाम्या दिवसांत बेकारी भत्ता! आणि तो नटांनाच नाही, लाइटवाल्यांनाही.

तिकडे कुणी रंगमंचामागे काम करतं का? तालमीचे तास धरतात का? ते लिहून कोण देतं, निर्माता?

जर्मनीत १९८३पासून कलावंतांसाठी वेगळा सामाजिक विमा आहे. निम्मा हप्ता कलावंताचा, उरलेला काम देणाऱ्या संस्था आणि केंद्र सरकार मिळून भरतात. नवख्याला त्यात शिरायला कागदपत्रं काय लागतात?

आयर्लंडने २०२२मध्ये २,००० जणांना आठवड्याला ३२५ युरो द्यायला सुरुवात केली, निवड चक्क सोडत काढून. डब्लिनकरांच्या ओळखीत कुणाचं नाव लागलं होतं का? बैठक रविवारी आहे, तेवढं बघा.